तीन शेपट्यांचं विमान कोणाचं? वाचक विचारतात, काका सांगतात

मागच्या अंकात आपल्या गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान म्युझियमवर दोन पानं लिहिली आणि शेवटी सहज टाकलं की जुन्या लष्करी विमानांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. चवथीच्या धांदलीत कोण लिहिणार असं वाटलेलं, पण माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळापानांची) उतरायच्या आत पत्रांची पिशवी भरली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत. आणि हो, मी इंजिनिअर-बिंजिनिअर नाही, आयुष्यभर विमानांच्या पोटात हात घालून ग्रीस काढलेला माणूस आहे, त्यामुळे भाषा तशीच येणार.

काका, आमचे आजोबा (वय ८८) ठामपणे सांगतात की बोगमाळोचं ते तीन शेपट्यांचं मोठं विमान पोर्तुगीजांचं आहे, ६१ साली पळताना ते इथंच टाकून गेले. बाबा म्हणतात ते एअर इंडियाचं. दर रविवारी जेवताना हाच वाद, एकदा काय तो निकाल लावा.
– चिखलीहून एक नात

निकाल बाबांच्या बाजूने आहे, पण आजोबांना हरवू नका, कारण त्यांच्या गोष्टीत पण दम आहे, कसा ते सांगतो.

ते विमान म्हणजे लॉकहीडचं सुपर कॉन्स्टेलेशन. चार पिस्टन इंजिनं, माशासारखी किंचित वाकलेली बॉडी आणि मागे तीन उभ्या शेपट्या, असं दुसरं विमान अख्ख्या आवारात नाही. एअर इंडियाकडे ही १९५४ पासून यायला लागली, लंडनच्या लांब प्रवासाला वापरायचे. मग १९६० मध्ये बोईंग ७०७ आली, जेटच्या जमान्यात पंख्याच्या विमानात कोण बसणार, म्हणून ही एअरफोर्सकडे गेली आणि शेवटी १९७६ मध्ये त्यातली पाच नौदलाने समुद्रावर टेहळणीसाठी घेतली. त्यासाठी आयएनएएस (इंडियन नेव्हल एअर स्क्वाड्रन) ३१२ हे स्क्वाड्रन नोव्हेंबर १९७६ मध्ये इथंच दाबोळीच्या विमानतळावर उभं राहिलं. बोगमाळोच्या विमानावर नंबर आहे आयएन ३१५, आयएन म्हणजे इंडियन नेव्ही, जाऊन बघा.

आता आजोबांची बाजू. गोवा मुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ ला सकाळी आपल्या एअरफोर्सच्या १२ कॅनबेरा बॉम्बर विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, टर्मिनलची इमारत वाचवायची असा हुकूम होता म्हणून फक्त धावपट्टी धरली. तेव्हा विमानतळावर पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं उभी होती. एक होतं इथल्या त्यांच्या स्थानिक कंपनीचं स्कायमास्टर आणि दुसरं पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचं, ते कुठलं माहितीय? सुपर कॉन्स्टेलेशनच! त्या रात्री त्यांनी धावपट्टीचे खड्डे कसेबसे बुजवले, वजन कमी करायला आतल्या सीट काढून फेकल्या, अधिकाऱ्यांच्या बायकापोरांना बसवलं आणि साधारण ७०० मीटरमध्ये ते धूड उचललं, दोन्ही विमानं पाण्याला लागून उडत कराचीला गेली. म्हणजे त्यांनी काही टाकून दिलं नाही, उलट जे होतं ते घेऊन गेले. आजोबांनी ६१ च्या आधी दाबोळीला तीन शेपट्यांचं विमान नक्की बघितलेलं असणार, आणि पुढे नौदलाचं बघितल्यावर डोक्यात दोन्हीचं एक झालं. त्यांना विचारा की ते विमान कुठून बघितलं, कोणाबरोबर, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा, हे मी मनापासून सांगतो, कारण त्या धावपट्टीच्या शेजारी राहून तो दिवस बघितलेली माणसं आता किती उरलीत.

माझ्या काकांचा (नौदलात होते, आता हयात नाहीत) एक फोटो मिळाला. मागे पेनाने लिहिलंय 'हंटरसोबत, दाबोळी, १९६८'. माझा मुलगा म्हणतो हंटर असा नसतो. फोटो पाठवलाय.
– फोंड्याहून एक वाचक

मुलगा हुशार आहे. हंटर नाही, हा सी हॉक. दोन्ही हॉकर कंपनीचीच म्हणून नाकाकडून बघितलं तर भाऊ-भाऊ वाटतात, पण हंटरचे पंख मागे ओढलेले असतात आणि फोटोतले पंख सरळ आहेत. दुसरी खूण याहून पक्की. हंटरचा धूर शेपटीच्या टोकातून निघतो, सी हॉकच्या शेपटीला भोकच नाही, त्याची इंजिनाची नळी आत फाटून दोन होते आणि पंखांच्या मुळापाशी दोन्ही बाजूंना बाहेर येते. तुमच्या काकांच्या उजव्या कोपरामागे ते काळपट तोंड दिसतंय बघा, तेच. तिसरं, नौदलाने हंटर कधी वापरलाच नाही, मग नौदलातला माणूस १९६८ ला दाबोळीत हंटरसोबत कशाला उभा राहील.

सी हॉकचं आपलं स्क्वाड्रन म्हणजे आयएनएएस ३००, पांढरे वाघ, १९६० मध्ये ब्रिटनमध्ये उभं राहिलं आणि विक्रांतवर आलं. मग १९६६ च्या सुमाराला पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरून झालेली २८ सी हॉक आपण घेतली, आणि त्या जर्मन विमानांची उभी शेपटी ब्रिटिशांपेक्षा उंच होती. तुमच्या फोटोत शेपटीचा वरचा भाग कापला गेलाय, नाहीतर आणखी सांगितलं असतं. अल्बममध्ये त्याच दिवसाचा दुसरा फोटो आहे का शोधा, तेव्हा लोक रोल संपवायला दोन-तीन काढायचेच. आणि फोटोवर मागे जे लिहिलंय ते खोडू नका, चुकीचं असलं तरी ते काकांच्या किंवा काकूंच्या हातचं आहे, वेगळ्या कागदावर बरोबर काय ते लिहून सोबत ठेवा.

(याच आठवड्यात तिघांनी चेतक आणि चीता या हेलिकॉप्टरांत फरक काय विचारलाय. शेपटीकडचा दांडा बघा. चीताचा दांडा शिडीसारखा उघडा, सळ्या दिसतात, चेतकचा पत्र्याने झाकलेला. संपलं.)

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना म्युझियम दाखवायचंय. वय ९ आणि १२. काय चुकवू नये? मागच्या वेळी मुलं पंधरा मिनिटांत बीचवर चला म्हणाली.
– म्हापशाहून एक आई

ताई, चूक मुलांची नाही, आपण त्यांना पाट्या वाचायला लावतो. पाट्या सोडा, शोधायला लावा. सोमवारी बंद असतं तेवढं ध्यानात ठेवा, आणि सकाळी जा, दुपारी पत्रे तापतात.

पहिलं कोडं: शेपटीला पंखा नसलेलं हेलिकॉप्टर शोध. ते कामोव्ह २५, रशियन, आपल्या राजपूत वर्गाच्या युद्धनौकांबरोबर आलेलं. त्याला डोक्यावर एकावर एक असे दोन पंखे, उलटसुलट फिरणारे, म्हणून बॉडी गरगरत नाही आणि मागे पंखा लागत नाही. धाकट्याला हे घरी दोन भोवऱ्यांनी करून दाखवा, विसरणार नाही.

दुसरं: होडीसारखं पोट असलेलं विमान शोध. ते शॉर्ट सीलँड, पाण्यावर पण उतरायचं आणि जमिनीवर पण. आपल्या नौदलाने १९५३ मध्ये कोचीला हीच विमानं आणून हवाई शाखा सुरू केली, एकूण १० घेतली. जगात ही बनलीच मुळी पंचवीस. आज एक बेलग्रेडच्या म्युझियममध्ये आहे, एक उत्तर आयर्लंडमध्ये आणि एक आपल्या बोगमाळोला. माझ्या मते त्या आवारातली सगळ्यात मोलाची वस्तू हीच, आणि लोक तिच्याकडे पाठ करून सी हॅरिअरसोबत सेल्फी काढतात. काढू देत, हॅरिअर देखणं आहेच.

तिसरं मोठ्याला द्या: कुठल्या विमानाचं पोट लाकडाचं आहे? उत्तर व्हँपायर. दोन दांड्यांचं जेट आहे ते, आणि पायलट बसतो तो मधला भाग प्लायवूड, मध्ये बाल्सा, परत प्लायवूड असा दाबून केलेला, सँडविचसारखा. जेट विमान लाकडाचं म्हटल्यावर बारा वर्षांचा पोरगा पण मोबाईल खाली ठेवतो.

आणि एचटी-२ समोर जरा थांबा. छोटं, साधं, शिकाऊ विमान आहे, पण ते स्वतंत्र भारतात आपण स्वतः डिझाईन केलेलं, १९५१ मध्ये उडालं, आणि त्याचे डिझायनर होते डॉ. विष्णु माधव घाटगे. जर्मनीत प्रांटल या हवेच्या प्रवाहाच्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेले. आपल्याकडे रस्त्यांना, चौकांना कोणाकोणाची नावं देतात, घाटग्यांचं नाव किती मुलांना माहितीय ते वर्गात एकदा विचारून बघा.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक जुनं उंची मोजायचं घड्याळ घेतलं, काळी डायल, पिवळट आकडे. विकणारा म्हणाला फायटर प्लेनचं. १८०० दिले. खरं आहे का? आणि अंधारात चमकत नाही, म्हणजे बिघडलंय का? उघडून साफ करू?
– डिचोलीचा एक कॉलेजकुमार

उघडू नकोस. आधी ते खाली ठेव, हात धू, मग पुढचं वाच.

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर बरीच वर्षं विमानाच्या डायलवर रेडियमचा रंग लावायचे, रात्री पायलटला आकडे दिसावेत म्हणून. त्या रंगात दोन गोष्टी असतात, एक किरणोत्सर्गी रेडियम आणि एक चमकणारी पावडर. पावडर काही वर्षांत मरते म्हणून चमक जाते, पण रेडियम तिथंच बसलेला असतो, तो अर्धा व्हायला १६०० वर्षं लागतात. तेव्हा चमकत नाही म्हणजे निरुपद्रवी, हा जो सगळ्यांचा समज आहे ना तो बरोबर उलटा आहे. बंद काच शाबूत असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही, धोका आहे तो काच काढून आकडे खरवडण्यात, कारण जुना रंग भुसा होऊन उडतो आणि नाकातोंडात जातो. म्हणून झाकणाच्या डब्यात ठेव, झोपायच्या खोलीत नको, कपाटात कपड्यांत तर नकोच, आणि कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांना विचार, बऱ्याच लॅबमध्ये गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) असतो, तो नुसता जवळ धरला की कळतं. रेडियम लागलाच तर पुढे काय करायचं ते अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारायचं, भंगारवाल्याला परत विकायचं नाही.

आता ओळख. मागची बाजू बघ. तू पाठवलेल्या फोटोत एक मुकुट, त्याच्या खाली 'ए एम' अशी अक्षरं आणि पुढे ६ए ने सुरू होणारा नंबर आहे. ए एम म्हणजे ब्रिटिश एअर मिनिस्ट्री, आणि ६ए हा त्यांच्या गोदामातला विभाग, विमानातली मीटरं तिथं ठेवायचे. म्हणजे वस्तू खरी आहे, नकली नाही, पण हेच मीटर फायटरमध्ये, बॉम्बरमध्ये, शिकाऊ विमानात, मालवाहूमध्ये सगळीकडे बसायचं, जसा एकच बल्ब देवघरात पण आणि गोठ्यात पण. 'फायटर प्लेनचं' हे शब्द विकणाऱ्याने १८०० तले हजार मिळवायला जोडलेत. रागावू नकोस, बाजार आहे.

एक सोपा नियम सांगतो, विमानाला पण हाच लागू: जे रंगवलंय त्यावर विश्वास कमी, जे ठोकलंय त्यावर जास्त. रंगवलेला नंबर कोणीही रंगवतो. एअरफोर्सच्या हेरिटेज फ्लाईटमधलं (जुनी विमानं उडती ठेवणारी तुकडी) परशुराम नावाचं डकोटा, म्हणजे जुनं मालवाहू विमान, बघ, इंग्लंडात दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उडत भारतात आलं. त्याच्यावर व्हीपी ९०५ लिहिलंय, हा नंबर २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डकोटाचा. पण हे विमान ते नव्हे, हे ब्रिटिशांचं केएन ३९७, त्या श्रीनगरवाल्याच्या सन्मानार्थ तो नंबर दिलाय. त्यांनी लपवलेलं नाही, उघड सांगितलंय, म्हणून त्यात काही वाईट नाही. वाईट तेव्हा होतं जेव्हा दोन पिढ्यांनी सांगणारे जातात आणि फक्त रंग उरतो. म्हणून आधी कंपनीची ठोकलेली प्लेट शोधायची, दाराच्या चौकटीत, कॉकपिटमध्ये, चाकांच्या खोबणीत, आणि मग बाकी गप्पा.

आमच्या माजी सैनिकांच्या गटाकडे एका स्मारकाजवळ निवृत्त हेलिकॉप्टर आहे, चबुतऱ्यावर ठेवलेलं. समुद्र जवळ. सात-आठ पावसाळे झाले, रंग सुटलाय, पत्र्याला पांढरी भुकटी येते, काच दुधाळ झालीये. कॉन्ट्रॅक्टरने कोटेशन दिलंय: सँडब्लास्टिंग, रेड ऑक्साईड, दोन हात ऑईलपेंट, आणि हलू नये म्हणून चाकांभोवती काँक्रीट. करू का?
– काणकोणहून

साहेब, कोटेशनमधल्या चारही गोष्टी चुकीच्या आहेत, असं पूर्ण गुण मिळवणारं कोटेशन मी बऱ्याच वर्षांनी बघितलं. कॉन्ट्रॅक्टरचा दोष नाही, तो बिचारा गेट आणि ग्रिल करतो, आणि लोखंडाला हे सगळं बरोबरच आहे. पण हे लोखंड नाही.

विमानाचा पत्रा मिश्र अ‍ॅल्युमिनियमचा, जाडी मिलिमीटरच्या आसपास, आणि वरून शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा एक अगदी पातळ थर, तो थर हेच त्याचं चिलखत. वाळूचा मारा केला की पहिल्या मिनिटात चिलखत जातं आणि पत्रा ताणून पोचे पडतात, ते परत निघत नाहीत. रंग काढायला कोणी कॉस्टिक सोडा सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातो, आणि सांध्यांत शिरलेला धुऊन पण निघत नाही. रेड ऑक्साईड लोखंडाचा प्रायमर, इथं नीट धरणार नाही, दुसऱ्या पावसाळ्यात सालं निघतील. आणि काँक्रीट! ओल्या सिमेंटमध्ये अ‍ॅल्युमिनियम गाडणं म्हणजे त्याला कॉस्टिकमध्येच उभं करणं. हे मी पुस्तकातून नाही सांगत. एके ठिकाणी तरुणपणी आम्हीच उत्साहाने एका विमानाच्या चाकांभोवती सिमेंट ओतलं होतं, छान गुळगुळीत करून वर तारीख पण कोरली, आणि चार-पाच वर्षांनी फोडलं तर आतला मॅग्नेशियमचा रिम हातात भुगा होऊन आला. त्या तारखेचा फोटो अजून माझ्याकडे आहे, कोणाला दाखवत नाही.

आता खरं दुखणं कुठं आहे ते बघू. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाकीचे आठ महिने खारा वारा. पण वरून पडणाऱ्या पावसाने विमान मरत नाही, पावसाने उलट मीठ धुतलं जातं. मारतं ते आत साचलेलं पाणी. विमानाच्या पोटाला खाली बारीक भोकं असतात, पाणी निथळायला, पण ती विमान आपल्या चाकांवर सरळ उभं असताना सगळ्यात खाली येतील अशी काढलेली. तुम्ही त्याला चबुतऱ्यावर नाक वर करून, उडतंय असं दाखवायला तिरकं बसवलंत की तीच भोकं मधेच कुठेतरी राहतात आणि पाणी शेपटीत जमतं. वर पक्ष्यांनी घरटी करून, कुंभारमाशीने चिखल भरून उरलेली पण बुजवली. तेव्हा पहिलं काम रंगाचं नाहीच. एक माणूस टॉर्च आणि मऊ तार घेऊन खाली झोपू दे, भोकं मोकळी करा, आणि तिरक्या अवस्थेत जो भाग सगळ्यात खाली येतो तिथं एखादं नवं भोक पाडा, कुठं पाडलं ते वहीत लिहा. तुमच्या शेपटीतून किती पाणी निघेल ते बघून तुम्हीच मला फोन कराल.

पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज. जिथं स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला लागतो तिथं ती जास्त दिसेल, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे सरळ बॅटरी, आणि त्या बॅटरीत अ‍ॅल्युमिनियम खर्ची पडतं. नुसती भुकटी असेल तर बरं, पण कडेला पत्रा फुगून पापुद्रे सुटलेत, पापड उचलल्यासारखे, असं असेल तर तो भाग आतून गेला, त्यावर कोणी चढायचं नाही, झेंडावंदनाच्या फोटोला सुद्धा नाही. भुकटी काढायला लोखंडी ब्रश किंवा भांड्याचा स्टीलचा काथ्या वापरू नका, त्याचे कण रुतून बसतात आणि प्रत्येक कण नवी बॅटरी. नायलॉनची जाळी घ्या. आधी साध्या गोड्या पाण्याने दोन-तीनदा भरपूर धुवा, टँकर लागला तरी चालेल, मीठ न काढता रंग मारला तर तुम्ही मीठ आत पॅक करताय.

जुना रंग घासायचा तो ओला घासा, मास्क लावून. जुन्या विमानांच्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं, ते पिवळट-हिरवं दिसतं, त्याची धूळ कॅन्सर करणारी आहे. आणि सगळं घासायच्या आधी एक मजेशीर काम करा. कुठल्यातरी आडबाजूला रुपयाएवढ्या जागेत बारीक पॉलिशपेपरने हळूहळू घासत जा, एकेक थर उघडा पडतो, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा. वर तुमच्या गटाने मारलेला निळा, त्याखाली दुसराच कुठला तरी, त्याखाली ते हेलिकॉप्टर सेवेत होतं तेव्हाचा खरा रंग, मग प्रायमर. उन्हात फोटो काढा. नवा रंग त्या खऱ्या थराशी जुळवा, आणि शक्य असेल तर हातभर जागा जुनी तशीच ठेवा, पुढच्या माणसाला पुरावा. नंबर आणि तिरंग्याचं वर्तुळ रंगवायच्या आधी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या, नाहीतर साईनबोर्डवाला त्याच्या दुकानाच्या पाटीच्या वळणाने आकडे काढतो आणि अख्खं हेलिकॉप्टर बारसारखं दिसायला लागतं. पाहिलंय मी.

रंगाची पद्धत: अ‍ॅल्युमिनियमला चालणारा एचिंग प्रायमर (पत्र्याला चावून धरणारा) किंवा इपॉक्सी प्रायमर, त्यावर पॉलियुरेथेन. महाग आहे. पैसे कमी पडले तर अर्धं यंदा करा, अर्धं पुढच्या वर्षी, पण ऑईलपेंटवर घालवू नका.

काच म्हणजे पर्स्पेक्स, प्लास्टिक आहे ते. पेट्रोल, थिनर, अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे, काहीही लावलं की बारीक भेगांचं जाळं उठतं. साबणाचं पाणी, हाताने, मऊ कापडाने. दुधाळपणा नुसता वरचा असेल तर पर्स्पेक्सच्या पॉलिशने बराच जातो. आणि कृपा करून पावसाळ्यात वरून निळी ताडपत्री गुंडाळू नका, आत घाम धरतो, हवा खेळत नाही, त्यापेक्षा उघडं बरं. खरं उत्तर म्हणजे वर एक साधी शेड, चारी बाजूंनी मोकळी. रंगाच्या तीन खेपांच्या पैशात शेड होते, पण शेडवर कोणाचं नाव लिहिता येत नाही म्हणून कोणी देणगी देत नाही. तर लिहा नाव, शेडच्या प्रत्येक खांबावर एकेक लिहा.

हलू नये म्हणून काय? चाकांवरचा भार काढायचा, जॅक लावायच्या ठरलेल्या जागी लोखंडी स्टँड, मध्ये जाड रबर किंवा नायलॉनचा पॅड, म्हणजे धातू धातूला लागत नाही. पंख्याची पाती बांधून ठेवा. आणि तुमच्या पत्रात नाहीये पण विचारून ठेवतो, आतली स्फोटकं, ऑईल, बॅटरी हे सगळं काढल्याचा कागद मिळालेला आहे ना? हेलिकॉप्टरला ठीक, पण जेट कोणी घेत असेल तर आधी सीटचा कागद बघा. पायलटची सीट बाहेर फेकणारी काडतुसं असतात, ती काढल्याचं लेखी नसेल तर कॉकपिटमध्ये पोराला फोटोसाठी बसवू नये.

कुटबणच्या जेटीवर आमच्या ट्रॉलरच्या जाळ्यात पत्र्याचा तुकडा आला, हातभर, रिव्हेटवाला, शिंपले चिकटलेले. पोरं म्हणतात विमानाचा. वाळवून भिंतीवर लावू का?
– एक ट्रॉलरमालक

वाळवू नका. समुद्रातून निघालेलं अ‍ॅल्युमिनियम हवेत सुकलं की आतलं मीठ त्याला झपाट्याने खातं, महिन्याभरात भुगा होतो. प्लास्टिकच्या टबात गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, शिंपले ठोकून काढू नका. एका बाजूने रिव्हेटची डोकी पत्र्याच्या पातळीत बुडालेली, हात फिरवला तर लागत नाहीत, असं असेल तर विमानाचा असायची शक्यता बरीच. होडीच्या किंवा कंटेनरच्या पत्र्याला एवढी नाजूक मेहनत कोण घेतो.

पण भिंतीचं विसरा. जिथं जाळं टाकलं होतं ती जागा जीपीएसवरून लिहून घ्या आणि किनारी पोलिसांना कळवा. आपल्या समोरच्या समुद्रात नौदलाची विमानं पडलीयत, नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्याजवळ मिग-२९के पडलं त्यात एक पायलट गेला. तो तुकडा कशाचा आहे ते मला फोटोवरून सांगता येणार नाही, पण कोणाच्या तरी घरी त्याची वाट बघत असू शकतात. आणि पुढे कधी जाळ्यात नळकांड्यासारखं, मागे पाती असलेलं काही आलं तर बोटीवर घेऊच नका, जाळं गेलं तर गेलं.

सी हॅरिअरचं मॉडेल करतोय, १/७२. भारतीय रंग कुठला?
– मडगाव, आठवी ब

१९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिली तीन दाबोळीला उतरली तेव्हाचं करणार असशील तर वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, ब्रिटिश रंगपट्टीत ६४० नंबर, आणि खालून पांढरा. २०१६ ला निवृत्त झाली तेव्हाचं करायचं असेल तर सगळं फिकट राखाडी. आधी साल ठरव, मग डबी उघड. पांढरा पहिल्यांदा मार, वरचा गडद नंतर, उलटं केलंस तर पांढऱ्याचे चार हात मारून पण खालून काळं दिसत राहील.